बद्द आवाज

देहूरोड,
शुक्रवार

प्रिय पप्पा,

एकाच घरात राहून ही पोरगी पत्र कसलं लिहिते, असं तुम्हाला वाटेल. कारण आधी सांगितलं तर तुम्ही कागदाची घडी घालून खिशात टाकाल. म्हणून अगोदर लाकडाचं बोलते.

सोमवारी सकाळी फरशी बसवणारा मोईज पुनावळ्याच्या आपल्या नव्या फ्लॅटवर लॅमिनेट घेऊन येणार आहे. बिल्डरच्या फरशीवर फोम अंथरून एका दिवसात हॉल पुरा करतो म्हणाला. त्याने यायचं की नाही, ते रविवारी संध्याकाळपर्यंत कळवायचं आहे. आणि इकडे गच्चीवर ताडपत्रीखाली तुमच्या सागवानाच्या बेचाळीस फळ्या रचलेल्या आहेत. रिटायर झाल्यापासून वर्षभर तुम्ही एकेकीला रंधा मारलात. ‘जन्मभर दुसऱ्यांच्या मशिनींना पेट्या ठोकल्या, आता माझ्या पोरीच्या पायाखाली माझं लाकूड,’ असं हनीफचाचांना सांगत होतात. ते हसून म्हणाले, ‘भूषणराव, मग पोरगी चप्पल काढूनच फिरेल घरात.’ आई मला एकच सांगते, बापाचं मन राख, फरशी काय, पायाखालचीच.

मला ते जमत नाही. तुम्हीच लावलेली सवय आहे. शाळेत जायच्या आधी मी तुमच्या पॅकिंग शेडमध्ये शिकले. तुम्ही माझे डोळे मिटायला लावायचात आणि दोन फळ्यांवर बोटाच्या पेराने ठोकायचात. खणखणीत वाजली ती सुकलेली, बद्द वाजली ती ओली. ओळखलं की गुडदाणी. एकदा मी अंदाजाने सांगितलं आणि ते बरोबर निघालं, तरी तुम्ही गुडदाणी दिली नाहीत. म्हणालात, ऐकलं नाहीस, नुसतं बोललीस. आज महाळुंग्याच्या कंपनीत पेट्यांचं लाकूड तपासते, ते त्याच जोरावर.

तीन आठवड्यांपूर्वीच्या रविवारी तुम्ही मला गच्चीवर नेलंत. चौथी फळी ओढून ठोकलीत आणि म्हणालात, ‘ऐक! घंटा वाजतीय घंटा.’ मला बद्द ऐकू आलं. दुसरी ठोकलीत, तीही बद्द. वाटलं, माझंच चुकतंय. तुम्ही फळीकडे बघतच नव्हतात, माझ्या तोंडाकडे बघत होतात. मी हो म्हणाले. मग दोन दिवस जेवण गेलं नाही. साहेबांना विचारून, रीतसर गेटपास करून कंपनीतलं ओलावा मोजायचं यंत्र घरी आणलं. तुम्ही विहारात गेला होतात तेव्हा बेचाळीसही फळ्या तपासल्या. ओलावा बारा टक्क्यांपर्यंत चालला असता. सगळ्यात कोरडी सतरा निघाली. ताडपत्री मागच्या बाजूने फाटली आहे, पावसाळाभर पाणी आत जात होतं. अशा फळ्या ठोकल्या तर उन्हाळ्यात फटी पडतील, कडा वर येतील, आणि आपल्याकडे येणारा प्रत्येक माणूस विचारेल, हे काम कुणाचं?

म्हणून मी तुमच्याशी खोटं बोलले. सोसायटी ठोकाठोकीला परवानगी देत नाही, म्हणून लॅमिनेट. आईलाही तेच पुन्हा मोठ्याने सांगायला लावलं. वाटलं, मिटलं. पण तुम्ही बुधवारी इस्त्रीचा शर्ट घालून, अर्ज लिहून पुनावळे गाठलंत. दुपारी शिफ्टमध्ये सेक्रेटरी गणराजचा फोन आला. ‘ताई, परवानगी आहे म्हणून तुमच्या वडिलांना तीनदा सांगितलं. तरी ते अर्ज पुढे करतायत आणि म्हणतायत, फक्त दिवसाच ठोकू साहेब, कुणाची झोपमोड करणार नाही.’ मागे कुणीतरी हसलं. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले. घरी येऊन तुम्ही सांगितलंत, ‘साहेब विचार करून कळवणार आहेत.’

पप्पा, आपण दोघंही खोटं बोललो. माझं मी कबूल केलं. तुमचं खोटं म्हणजे, ऐकू आलं नाही तरी आलं म्हणायचं; त्याबद्दल मला फोनवर दोनदा आणि गच्चीवर एकदा बोलायचं होतं. प्रत्येक वेळी तुम्ही ‘हो, हो’ म्हणून मान डोलावलीत. ओरडून सांगावं तर शेजारच्या सावित्रीबाईंना आधी कळेल आणि तुम्हाला शेवटी. म्हणून हे पत्र. तीस वर्षं त्या करवतींजवळ उभं राहून तुमचे कान गेले आहेत. लाकूड तुम्हाला फसवत नाही, तुम्हाला ते ऐकूच येत नाही. रविवारची वाट न बघता मोईजला मी आजच नको म्हणून कळवलं आहे. लॅमिनेट नको. फळ्या मधे पट्ट्या घालून, हवा खेळून सुकतील अशा रचू, नवी ताडपत्री टाकू आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत आहे त्या फरशीवर राहू. यंत्र सोमवारी परत करायचं आहे, तोवर तुम्ही स्वतः लावून आकडा बघा. माझ्यावर विश्वास ठेवू नका. उद्या अकरा वाजता चिंचवडला कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, मी सुट्टी टाकली आहे. येणार की नाही, ते याच कागदाच्या मागे लिहून माझ्या डब्याखाली ठेवा. मान डोलावू नका.

तुमच्याच हाताखाली शिकलेली,
मिनल