ज्युनिपरखालचं पाणी

७ मे
ऑर्विल ऐकत नाही! बहात्तराव्या वर्षी, गुडघ्याला पट्टा बांधून, परवा पुन्हा प्रीचर शिखरावर जाणार. "बाबा गेले त्या तारखेला एकोणीस वर्षं चढतोय. आता मोडू?" मी म्हटलं, "मर मग!" — आणि फोन आपटला. सख्ख्या भावाला असं बोलायला नको होतं.

८ मे
ठरलं. दर वर्षी पहाटे मी खाणीच्या रस्त्याने ट्रक नेते, पुढे घळीच्या कडेकडेने चालत जाऊन अर्ध्या वाटेवरच्या ज्युनिपरच्या झाडाखाली त्याच्यासाठी पाण्याचे दोन कॅन ठेवते. तो नंतर गावाच्या बाजूने चढतो. उद्या मी जाणारच नाही. पाणी दिसलं नाही की येईल मुकाट्याने परत. शिव्या घालील — घालू दे.

९ मे, दुपार
बारा वाजता आम्ही सगळे लुपेच्या खानावळीसमोर, कपाळावर हात धरून उभे. वर पोचला की तो आरसा चमकवतो. नाही चमकला. लुपेचा चेहरा उतरला. मी मनात म्हटलं, माघारी फिरला! पीच पाईचे दोन तुकडे खाल्ले.

९ मे, संध्याकाळ
घरी नाही. गाडी पायथ्याशी तशीच.
शेरीफचा डेप्युटी टॉबिन म्हणाला, "गुडघा धरून बसला असेल म्हातारा. झाडाखाली तुझं पाणी आहे ना? मग रात्र काढेल. उजाडलं की माणसं पाठवतो."
मी "हो" म्हणाले. हो म्हणाले! सगळ्यांसमोर खरं सांगायला तोंडच उघडेना.

१० मे, पहाट
डोळ्याला डोळा नाही. आज पारा शंभर फॅरनहाइटच्या वर जाणार. टॉबिनच्या दारात उभी राहून सांगून टाकलं — पाणी नाही, मी ठेवलंच नाही. ओरडलाच — "कालच बोलायचं ना, वर्ना!" मग धावत जाऊन हेलिकॉप्टर मागवलं.

१० मे, दुपार
सापडला! श्वास चालू आहे. पाय मोडलाय, ओठ फाटलेत. खाणीकडच्या घळीत, अगदी तळाशी. टॉबिन चक्रावलाय — "शिखर एकीकडे, घर दुसरीकडे. हा इथे मरायला कशाला उतरला?"
मलाही कळेना.

१२ मे
इस्पितळ. शुद्धीवर आला. आत जायचा धीर होईना, पडद्याबाहेरच थांबले. नर्सला विचारत होता, घसा पार बसलेला —
"माझी बहीण सापडली का? पाणी कधी चुकवायची नाही हो ती. त्या घळीतच पडली असणार. खूप हाका मारल्या मी."