सहावा चमचा

३ मार्च

तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. भात लावला होता, कपडे खिडकीबाहेरच्या बांबूंवर वाळत घातले होते, आणि बुद्धपौर्णिमा म्हणून चांदी घासायला बसले. रांगोळीने. आईने जन्मभर तशीच घासली. पहिलाच चमचा उचलला आणि बोटाखाली निळी पाकळी सुटून आली. शंभर वर्षांपूर्वीचं रशियन मीनाकाम! शिपयार्डातल्या म्हाताऱ्या रशियन इंजिनिअरने निरोप घेताना यांना दिलेले सहा चमचे. मी रडले. हे म्हणाले, "जाऊ दे गं. वापरायचीच वस्तू आहे." पुढे अठ्ठावीस वर्षं यांनी चहात तोच चमचा घेतला.

हे जाऊन दोन वर्षं झाली. अजून दोन कप चहा टाकते. एक फोटोपुढे, तोच चमचा घालून. गेल्या आठवड्यात सून प्रियदर्शिनी सहाही चमचे घेऊन गेली. "पॉलिश करून आणते, आई." कप उघडा वाटतो.

९ मार्च

सेरंगूनला लेकाकडे, उज्ज्वलकडे गेले. सोफ्याच्या वर काचेची चौकट. काळ्या मखमलीवर पाच चमचे. चिकटवलेले!

प्रियदर्शिनी म्हणते, "सरप्राइज! किती एलिगंट ना?"

सहावा कुठे?

"तो डॅमेज्ड होता ना, आई. सिमेट्री जात होती."

नात आर्या मोबाइलमधून मान वर न काढता इथल्या पोरांच्या ढबीत म्हणाली, "आजी, वॉशिंग पावडरमध्ये आहे, लाह."

खरंच. डब्यात रुतवलेला. पावडर मोजायला! पर्समध्ये टाकला आणि न जेवता निघाले. एमआरटीच्या गाडीत उभ्यानेच क्लेमेंटीला घरी आले.

१० मार्च

मी सातवी शिकलेली. चमच्यामागचा ८४ हा आकडा म्हणजे रशियातलं चांदीचं जुनं माप, हे लायब्ररीतलं पुस्तक शब्द लावत वाचून मीच यांना सांगितलं. आणि या दोन डिग्र्यांच्या बाईला गोंद सुचला.

चार वेळा धुतला. साबणाचा वास जात नाही.

११ मार्च

उज्ज्वलचा फोन. तोंडाला येईल ते बोलले. "तो चमचा माझ्या हातून बिघडला, आणि तुझ्या बाबांनी एका शब्दाने दुखवलं नाही मला. कळतं का तुला काही?"

तो म्हणाला, "आई, तुझ्या हातून नाही. आदल्या दिवशी मी ताटावर बडवत होतो त्याने. पाकळी निघाली. बाबांनी भाताच्या शितांनी चिकटवली. म्हणाले, आईला सांगू नकोस, मारेल."

"आणि मी रडले तेव्हा?"

"तेव्हा... सांगायचं राहूनच गेलं."

मी फोन ठेवला.

दर बुद्धपौर्णिमेला मी यांची माफी मागायचे. दर वर्षी. हे हसून कप पुढे करायचे.

१२ मार्च

आज चहा एकच कप टाकला. चमचा माझ्या कपात घातला.