वाटणीत गेलेलं प्रकरण

पुणे, दि. ८ जानेवारी १९९९

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मायना बघून दचकू नकोस, पत्र माझंच आहे. इथलं टपाल खाली मालकीणबाईंकडे येतं आणि आंतर्देशीयाच्या कडेतून डोकावल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. तेव्हा यापुढे तूही जयभीमऐवजी सा. न. वि. वि. लिहीत जा. चार अक्षरांचा तर प्रश्न आहे.

दुसरं, घरच्या कॉम्प्युटरबद्दल. मी जोडून दिलेल्या त्या मशीनवर फक्त विंडोज आहे. ऑफिसात आता आमचं सगळं काम लिनक्सवर चालतं आणि सुट्टीत घरी आलो की माझा सराव तुटतो. म्हणून एकाच मशीनवर दोन्ही बसवणार आहे. डिस्कची वाटणी करायची, अर्धी तुमच्या विंडोजला, अर्धी माझ्या लिनक्सला. मशीन चालू केलं की ते आधी विचारेल, दोघांपैकी कोण हवं? पाच सेकंदांत उत्तर दिलं नाही तर ते आपल्या मनाने एकाला उठवेल. तुझ्यासारख्या मास्तरणीला ही शिस्त आवडेल.

रविवारी, ७ फेब्रुवारीला, नाशिकला जाता जाता येतो. बरोबर ऑफिसातला कानिफनाथ असेल. त्याच्या बहिणीचं, धनश्रीचं, माझ्याशी जमावं असं त्याच्या मनात आहे. त्यांच्याकडे मला राज म्हणतात. जगताप आडनाव ऐकून पुढचं कोणी विचारत नाही आणि मीही सांगितलेलं नाही. एवढं सांभाळून घे.

तुझा लाडका,
राज

संगमनेर, दि. १५ जानेवारी १९९९

चि. भीमास,
अनेक आशीर्वाद आणि ठळक अक्षरांत जयभीम.

मालकीणबाईंना कडेतून वाचायला त्रास नको म्हणून जरा मोठं लिहिलंय. राज म्हणे! शाळेच्या दाखल्यावर, पदवीवर, रेशनकार्डावर भीमराज कचरू जगताप आहेस. अर्धं नाव एस.टी.त विसरून राहिलं का?

अण्णांची तब्येत आहे तशीच. दिवाळीत झटका आल्यापासून त्यांच्या तोंडून एकच शब्द निघतो, भीमा. पाणी हवं तरी भीमा, लाइट गेली तरी भीमा. शेजारची रंगुबाई बसायला येते, तिलाही भीमाच म्हणतात आणि ती व्हय बाबा, हाय मी, असं म्हणून त्यांची चादर सारखी करते.

आता तुझ्या वाटणीचं. अण्णांच्या आठवणींचं काय होईल? दोन वर्षं रोज संध्याकाळी त्यांनी सांगितलं आणि मी त्या मशीनवर टाइप केलं. पहिला भाग आजोबांचा आणि छप्पन सालचा, तो तुझ्या जन्मापाशी थांबतो. दुसऱ्याची सुरुवातच तुझं नाव भीमराज का ठेवलं या प्रकरणाने होते. तिथून तिसऱ्याच्या शेवटापर्यंत तू आहेस. तू त्यातलं एकही पान वाचलेलं नाहीस, दर वेळी पुढच्या सुट्टीत म्हणतोस. कागदावर काहीच छापलेलं नाही आणि अण्णा आता पुन्हा सांगू शकणार नाहीत. ते गेलं तर गेलंच. फ्लॉपीवर उतरवायला घेतलंय, पहिला भाग झाला.

माया आहे, कान पिळायलाही हात शिवशिवतोय.

तुझी ताई,
माधुरी

पुणे, दि. २२ जानेवारी १९९९

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा विनोद पोचला. मालकीणबाईंनी पत्र देताना माझ्याकडे जे पाहिलं ते तू पाहायला हवं होतंस. आणि पत्रामागे पत्त्यात पंचशीलनगर लिहायची काही गरज? नुसतं संगमनेर लिहिलं तरी पोस्टमनला कळतं.

फ्लॉप्यांचा उद्योग बंद कर. धुळीने महिनाभरात खराब होतात आणि तू काहीतरी भलतंच पुसून ठेवशील. शेजाऱ्यांना फोन लावता येणं म्हणजे टेलिफोन खातं चालवणं नव्हे. अण्णांच्या लिखाणाच्या केसालाही धक्का लागणार नाही, हा माझा शब्द. ते मी अजून वाचलेलं नाही हे खरं, पण कधीतरी वाचेनच.

त्या रविवारपुरतं दोन गोष्टी कर. बाहेरच्या खोलीतला बाबासाहेबांचा फोटो आत ठेव, रंग द्यायचाय म्हणून सांगू. आणि अण्णांनाही आत झोपव. ते सारखे हाक मारत राहिले तर कानिफला अवघडल्यासारखं होईल. वर्षानुवर्षं माझ्यासाठी खस्ता खाल्ल्यास, आणखी एक दिवस खा.

तुझा,
राज

संगमनेर, दि. १० फेब्रुवारी १९९९

चि. भीमास,
आशीर्वाद, जयभीम.

तू सांगितलंस तसं मी केलं. फोटो उतरवला, अण्णांना आत नेलं. तुझं लग्न माझ्यामुळे मोडायला नको म्हणून केलं, आणि तेव्हापासून मला माझीच लाज वाटते आहे. भिंतीवर फोटोचा चौकोन पांढरा उमटला होता. कानिफरावांनी तो पाहिला.

अण्णांनी तुझा आवाज ओळखला. आतून भीमा, भीमा सुरू झालं. कानिफरावांनी भीमा कोण म्हणून विचारलं तेव्हा तू चहाचा घोट घेऊन म्हणालास की आमचा जुना गडी होता, अण्णांचा जीव होता त्याच्यावर. किती पटकन सुचलं तुला! मग कानिफरावांना प्रवरेचा घाट दाखवून आण म्हणून मला बाहेर पिटाळलंस आणि तासभर एकटा मशीनपाशी बसलास. जाताना आत डोकावलाही नाहीस.

मशीन आता विचारतं, मी विंडोज निवडते. माझ्या शाळेचे निकाल आहेत, प्रश्नपत्रिका आहेत, पत्त्यांचा खेळसुद्धा आहे. अण्णांच्या आठवणींचा फोल्डर नाही. तुझ्या बाजूला गेला असेल तर परत कसा आणायचा ते उलटटपाली कळव. भीमा, मला दोन रात्री झोप नाही.

वाट पाहते.
माधुरी

पुणे, दि. १८ फेब्रुवारी १९९९

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

वाईट वाटलं. वाटणी करताना कधीकधी एखादा फोल्डर मध्ये सापडतो आणि जातो. त्याला कोणी काही करू शकत नाही. खरं तर तू तो भलत्याच जागी ठेवला असणार.

पण स्पष्ट बोलू का? फार मोठं नुकसान झालेलं नाही. आजोबांनी पारनेरच्या वेशीवर मेलेला बैल ओढायला नकार दिला, गावाने त्यांना तीन दिवस पाणी भरू दिलं नाही, हे वाचायला आज कोण बसलंय? उद्या कानिफ किंवा धनश्री त्या मशीनवर बसले असते तर? जे मागे टाकायचं ते टाकावं. तूही जरा पुढे बघ.

जमल्याची बातमी आहे. साखरपुडा एप्रिलमध्ये पुण्यातच, अगदी मोजक्या माणसांत. अण्णांना इतका प्रवास झेपणार नाही आणि त्यांना सोडून तुलाही निघता येणार नाही, तेव्हा आग्रह करत नाही.

राग धरू नकोस.
राज

संगमनेर, दि. २६ मार्च १९९९

श्री. राज जगताप यांस,
सा. न. वि. वि.

आपण सांगितलेला मायना आजपासून लिहिते आहे. उशीर झाला, क्षमस्व.

इथल्या कॉम्प्युटर क्लासचे सर येऊन मशीन पाहून गेले. त्यांचं म्हणणं असं की वाटणीत जायचंच तर बरंच काही जातं, एकच फोल्डर वेचून जात नाही. तो कोणीतरी आधी पुसला, मग डिस्क आवरून त्या मोकळ्या जागेवर दुसरं सरकवलं आणि नंतर वाटणी केली. त्यामुळे परत येणार नाही. सरांना विचारायच्या आधीच मला कळलं होतं. आपण जे वाचलेलं नव्हतं आणि अण्णांनी आधी कधी कोणाला सांगितलंही नव्हतं, त्यातला वेशीवरचा बैल आणि तीन दिवसांचं पाणी आपल्या पत्रात बरोबर उतरलं होतं.

आपली थोडी फसगत झाली. फ्लॉप्या बंद कर म्हणणारं आपलं पत्र येण्याआधी पहिला भाग मी फ्लॉपीवर उतरवला होता आणि फ्लॉपी चांगली निघाली. बैल त्यात आहे, वेस आहे, पाणी आहे. आपल्याला जे पुसायचं होतं ते सगळं शाबूत आहे. चौदा एप्रिलला त्याची पुस्तिका निघते आहे. छपाई सुरू झाली.

गेले ते दुसरा आणि तिसरा भाग. त्यांत बैल नव्हता. त्यांत फक्त आपण होतात. आपल्या नावाचं प्रकरण अण्णांनी तीन संध्याकाळी सांगितलं, आणि अख्ख्या लिखाणात ते तेवढ्या एकाच ठिकाणी रडले. का रडले ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी ते लिहून काढणार नाही आणि आपल्याला कधी सांगणारही नाही. आपण पाया पडलात तरी नाही. पुस्तिकेत आपला जन्मच झालेला नाही.

सरांकडून आपली अर्धी डिस्कही काढून घेतली. मशीन आता कोण हवं म्हणून विचारत नाही. कानिफरावांना मी काही कळवलेलं नाही, कळवणारही नाही. साखरपुडा निर्वेध पार पडो. फोटो जागेवर लावला आहे.

लोभ होता, तो आम्ही ठेवून घेतो.

आपली,
माधुरी कचरू जगताप
पंचशीलनगर, संगमनेर

ता. क. अण्णा अजून भीमा म्हणूनच हाक मारतात. आता ओ मी देते.