मुरमात गेलेला डोंगर

खोरवाडी, ता. मंठा
दि. ६ ऑक्टोबर २०१९

चि. तृप्तीस,
अंगददादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि. फोन लागत नाही म्हणून हे पत्र. घरामागचा डोंगर नव्या रस्त्याच्या मुरमात गेला, त्यावरचा टॉवरही गेला. आता तिथे चाळीस फूट खोल खड्डा आहे आणि संध्याकाळी वारा थेट चुलीत शिरतो.

काळजी मायची आहे. संमतीच्या कागदावर मी सही केली म्हणून महिनाभर बोलली नाही. आता बोलते, पण रोज सकाळी शेळ्या सोडते आणि म्हणते, डोंगरावर जाऊन येते. काल पदरात सीताफळं घेऊन आली. आपल्या शिवारात सीताफळाचं एक झाड उरलेलं नाही, तृप्ती. मी एक खाल्लं. डोंगरावरचंच होतं.

रागावलीस तरी पत्र पाठव.
तुझा अंगददादा

बदनापूर
दि. १३ ऑक्टोबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि. सीताफळं मायने मंठ्याच्या बाजारातून आणली असतील, आणि तू मोठा चव ओळखणारा! कच्ची पपईसुद्धा गोड म्हणून खायचास. चेष्टा पुरे. सत्तरीची बाई खड्ड्याच्या काठाने फिरते आणि तू पत्रं लिहीत बसतोस? सही करताना तिला विचारलं असतंस तर ही वेळ आली नसती. रविवारी तिला इकडे आणून सोड. आकांक्षाने आजीसाठी आपली खाट रिकामी केली आहे.

माया आहे म्हणूनच बोलते.
तृप्ती

खोरवाडी
दि. २१ ऑक्टोबर

चि. तृप्तीस,
अ. आ. वि. वि. काल मायला बदनापूरला चल म्हणालो, तर ती शेळ्या घेऊन निघाली. मी मागोमाग गेलो. काठावर ती थांबलीच नाही. चढणीला वाकतात तशी वाकली, गुडघ्यावर हात ठेवून चढू लागली आणि धुळीत दिसेनाशी झाली. खाली पाहिलं, खड्ड्यात कोणी नव्हतं. शेळ्यांच्या घंटा माझ्या डोक्यावर वाजत होत्या.

हाक मारली. वरून माय म्हणाली, इथून बदनापूर बराबर दिसून राह्यलं, तृप्ती पिवळी साडी नेसून गच्चीवर कपडे वाळू घालून राह्यली. मी पाऊल पुढे टाकलं तर पायाखाली काहीच नव्हतं, कसाबसा सावरलो. सही करणाऱ्याला वाट न्हाई, म्हणाली.

संध्याकाळी शेळ्या तेवढ्या उतरून आल्या. गावाने सगळा खड्डा धुंडाळला. मला फार भीती वाटते आहे.
अंगद

बदनापूर
दि. २५ ऑक्टोबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि. रविवारी मी गच्चीवरच होते. साडी पिवळीच होती.

उद्याच्या एसटीने येते. तुला आठवत असूनही तू बोलला नाहीस, हा तुझा मोठेपणा. मागच्या राखीला तू तो कागद पुढे केलास, तेव्हा तुझ्या सहीखाली मीही सही केली, वाचलंसुद्धा नाही. म्हणजे मलाही वाट नाही. आणि मायला खाली आणायला कोणीतरी जायलाच हवं.

म्हणून आकांक्षाला सोबत आणते. सहा वर्षांची आहे, अजून तिची सही कुठेच नाही. काठापर्यंत तिचा हात तू धर, माझ्याने सोडवणार नाही.

तुझीच,
तृप्ती