रेघेच्या कुठल्या बाजूने

१४ नोव्हेंबर

भाऊजींना वहिनीचे आशीर्वाद.

त्या सकाळी मी ह्यांची कामाची खोली झाडत होते. दूध तापवून झालं होतं, कपडे भिजत घातले होते. खिडकीतून तिरपं ऊन आलं होतं आणि केरसुणीनं उडालेला भुसा त्यात इतका सावकाश तरंगत होता, की खाली बसायचं त्याच्या मनातच नसावं. हे फळीवर ओणवे होऊन झुलत्या खुर्चीच्या तळाची वाकडी पट्टी आखत होते. एक रेघ काढली आणि पेन्सिल कानावर ठेवून दिली.

बघा, सुरुवात मधूनच झाली. तब्येत बरी आहे ना, हे आधी विचारायचं असतं. विचारलं असं समजा. मी ठीक आहे. वाचनालयातून आठवड्याला दोन पुस्तकं आणते, कळत नाही तिथे दोनदा वाचते.

आपली जुनी खुर्ची डोलता डोलता स्वयंपाकघराकडे सरकायची, आठवतं? "दादा, तुझ्या खुर्चीलासुद्धा भूक लागते," म्हणायचात. हातानं कापलेल्या दोन पट्ट्यांत केसाएवढा तरी फरक राहतोच, म्हणून ती चालायची. तुम्ही लाकूड कापायच्या यंत्राचं नाव काढलंत ते त्यावरूनच. लेझरनं कड काळी पडते, लाकूड जाळायचंच तर शेगडी काय वाईट, असं हे म्हणाले. "मग बस भुसा फुंकत," म्हणालात आणि स्वतःचा कारखाना काढायला निघून गेलात.

तुम्हाला ठाऊक नाही ते सांगते. हे तुमच्या कारखान्यापाशी येऊन गेले होते. काचेतून बघितलं, आत आले नाहीत. घरी येऊन हातपाय धुतले. मग म्हणाले, "अगं, त्यानं लेझर नाही, पाण्याच्या धारेनं कापायचं यंत्र घेतलंय, वॉटरजेट. पाणी दोऱ्याएवढं बारीक. दोन इंच लाकडातून असं जातं, जशी झोप लागावी."

"लाकूड भिजत नाही?"

"भिजतं थोडं. तो लगेच पुसून वाळत ठेवतो. बाळाला न्हाऊ घालून पुसावं तसं."

'तो' म्हणताना त्यांचा आवाज कसा झाला, ते मला लिहिता येत नाही.

तर त्या सकाळी पेन्सिल ठेवून हे म्हणाले, "त्याला पत्र लिही. विचार, पाणी रेघेच्या आतून जातं की बाहेरून? त्यानं सांगितलं की दुसरी पट्टी आखतो."

करवत रेघ राखून, म्हणजे रेघेच्या बाहेरून चालवायची, ही आपल्या घरची शिस्त. तेवढंच विचारायचं होतं. म्हणजे खरं काय विचारायचं होतं, ते तुम्हाला कळेल. मलाही कळलं होतं.

मी लिहिलं नाही. ह्यांना एकटं टाकून गेलात, याचा राग होता. "टाकलंस का पत्र?" म्हणाले. टाकलं म्हणाले मी. पुढे सात आठवडे पोस्टमनची घंटी वाजली की हे दाराशी. "कामात असेल तो," असं स्वतःच म्हणत परत फिरायचे. मग ते गेले. तुम्ही आलात, उंबऱ्याशी उभे राहिलात, तेव्हाही मी हे सांगितलं नाही. दादा रागात गेला असं तुम्हाला वाटत असेल. तसा नाही गेला.

दोन वर्षं झाली. अजून झोपेत तो भुसा तरंगताना दिसतो. हे फळीपाशी उभे असतात आणि विचारतात, "आलं का गं उत्तर?" मी केरसुणी घेऊन नुसती झाडत राहते, भुसा काही संपत नाही.

परवा एका पुस्तकात वाचलं. पाण्याच्या धारेलाही जाडी असते, म्हणून रेघेच्या आतून जायचं की बाहेरून, हे माणसानंच यंत्राला आधी सांगायचं असतं. उत्तर मिळालं, पण ते पुस्तकातून नको होतं.

माफ करा असं म्हणत नाही. ते तुमचं तुम्ही ठरवा. पट्ट्या मात्र कापा, दोन्ही; दुसरी तुम्ही आखा.

काल इथवर लिहिलं. आज सकाळी फळी जुन्या चादरीत गुंडाळली, सामानाच्या टेम्पोत आडवी ठेवून घेतली आणि तुमच्या नावानं पाठवली. रेघेची बाजू वर आहे.

दादाचं पत्र उशिरा टाकणारी,
तुमची वहिनी