ढलप्यांवर तापलेली शाळा

अण्णा, काल त्या शाळेवरून गेलो. चिमणीतून नुसती पांढरी वाफ निघत होती, काळ्या धुराची रेघसुद्धा नाही. मी गाडी कडेला घेऊन बघत बसलो. शेजारी बसलेली लेक, तुमची नात, म्हणाली, "बाबा, इट्स जस्ट अ चिमनी." तुम्ही असता तर गाडीतून उतरून, मान वर करून बघत राहिला असता. तुम्ही गेलात तेव्हा मी इथे परदेशात दुसऱ्यांच्या हाताखाली बॉयलरची काजळी खरवडत होतो. त्यानंतर काही वर्षांनी, ऐंशीच्या दशकात, स्वतःचा धंदा काढला, आणि पहिलं मोठं काम मिळालं ते हे. शाळा तेलावर तापायची, ती लाकडाच्या ढलप्यांवर आणायची. तेल परवडेनासं झालं होतं, आणि गावाभोवती जंगलच जंगल. साखर कारखान्यात तुम्ही जन्मभर उसाचं चिपाड जाळून वाफ केलीत, त्यामुळे मला यात काही नवल वाटलं नाही. गावाला मात्र वाटलं. शाळेच्या कमिटीने एक हिवाळा दिला. जुनी तेलाची टाकी जागेवरच ठेवली. जमलं नाही तर परत तेल, आणि मग या भागात मला कोणी दारातही उभं केलं नसतं.

तळघरात एक खोलीभर ढलप्या. तिथून एक लांब लोखंडी स्क्रू गोल गोल फिरत त्यांना भट्टीत ढकलतो, आणि खालून पंखा हवा देतो. एवढंच यंत्र. पण ते सांभाळायला होता शाळेचा जॅनिटर, म्हणजे देखभालीचा माणूस, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा. आपल्याकडे असता तर मी त्याला काका म्हटलं असतं. पहिल्याच दिवशी त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुझ्या देशात थंडी तरी पडते का रे?"

"पडते की," मी म्हटलं. "सकाळी पंख्याचा स्पीड एकवर आणतो."

तो हसला नाही, पण दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी कॉफी आणली. लाकूड जाळणं त्याला मी शिकवायची गरज नव्हती. त्याच्या घरी आजोबांपासून लाकडाचा स्टोव्ह, आणि झोपण्याआधी त्याची हवेची झडप मिटायची, म्हणजे निखारा सकाळपर्यंत धुमसत राहतो, हा इथल्या घराघरांतला रिवाज. इथे मात्र पंखा आणि स्क्रू स्वतःच चालतात, झडप मिटली की आग गुदमरते आणि ढलप्यांच्या मागे मागे स्क्रूत शिरते. हे मी त्याला नीट समजावलं नव्हतं. मला वाटलं, एवढं त्याला कळतंच.

जानेवारीतला एक शुक्रवार. दुपारी काम आटोपून मी पार्किंगमध्ये गाडीत बसलोय. काच जराशी खाली आहे आणि तळघराच्या खिडकीतून पंखा ऐकू येतोय. एकदम त्याचा आवाज चढतो. हवा कोंडली की पंख्यावरचा भार जातो आणि तो हलका पळतो, हे मला झोपेतही कळेल. म्हणजे शनिवार-रविवारसाठी त्याने झडप मिटली. तरी मी तसाच श्रूजबरीला घरी निघून आलो.

सोमवारी सकाळी धूर वर्गांत भरला. कुणाला काही झालं नाही, पण सगळी पोरं कोट घालून बर्फात उभी. मी पोचलो तर जॅनिटर तोंडाला रुमाल बांधून फावड्याने स्क्रूतली राख ओढत होता. माझ्याकडे बघेना. गुरुवारी कमिटीची मीटिंग. एक बाई म्हणाल्या, "हे इंधन शाळेसाठी नाही. टाकी भरून घ्या." मी उठलो आणि म्हटलं, चूक माझी आहे, झडपेवर मी सूचना लावायला हवी होती. तेवढ्यात मागून खुर्ची सरकली.

"झडप मी बंद केली," जॅनिटर म्हणाला. "हा माणूस माझ्यासाठी खोटं बोलतोय. बॉयलर राहू द्या. वसंतापर्यंत मी चालवतो, धूर झाला तर मला काढा."

धूर झाला नाही. वसंतात टाकी गेली, आणि पुढे मला सहा शाळांची कामं मिळाली. जॅनिटर रिटायर होईपर्यंत त्या तळघरात दुसऱ्या कुणाला फावडं धरू देत नसे. मला भेटला की बॉयलरकडे बोट दाखवून म्हणायचा, "बघ, तुझी म्हातारी आज कशी गातेय!" धंदा वाढला, घर झालं, पोरं शिकली. तक्रारीला जागा नाही, अण्णा.

फक्त एक गोष्ट. शुक्रवारी पंख्याचा आवाज ऐकला होता, हे मी खूप नंतर त्याला सांगितलं. तो चकित झाला. "मग त्याच वेळी का नाही बोललास?" मी तुमचं नाव पुढे केलं. आयटीआय करून मी तुमच्या बॉयलरवर लागलो होतो, तेव्हा भट्टीत चिपाड घालणाऱ्या एका जुन्या फायरमनला चारचौघांत सुनावलं, आणि तुम्ही मला बाहेर नेऊन म्हणालात, "त्यांनी तुझ्याहून जास्त आग बघितलीय. मोठ्या माणसाला लोकांसमोर शिकवू नये." ते त्याला सांगितलं. त्याचे डोळे भरून आले. तेव्हापासून ही गोष्ट मी मंडळात, लग्नांत, कुठे कुठे सांगितली, आणि लोक दर वेळी म्हणतात, काय संस्कार!

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून लिहितो. त्या दुपारी पार्किंगमध्ये चारचौघं कुठे होते? तो एकटाच होता. खाली जाऊन कानात सांगता आलं असतं. तुम्ही मला आठवलाही नव्हतात, अण्णा. गाडीचा हीटर नुकता कुठे तापला होता, आणि मला परत थंडीत उतरायचा कंटाळा आला.