सुतकातली पेरणी

मी पोपट गोमाजी तरे, राहणार खाडीकाठचा कोळीवाडा, डोंबिवली पश्चिम, कामाला वागळे इस्टेट. दारू प्यायलेलो नाही, कुणी मानगूट धरलेली नाही, आणि डोकं नेहमी असतं तेवढंच ठिकाणावर आहे. माझ्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन ठरलंय. डॉक्टर म्हणाले, काही होत नाही. म्हणूनच लिहून ठेवतोय. मी परत आलो तर हा कागद हसत हसत चुलीत घालावा.

बाबांनी जाण्याआधी माझ्या नावावर केलेल्या दोन खोल्या आईच्या, म्हणजे चंद्रभागा तरे हिच्या. तिला तिथून कुणी उठवायचं नाही. तिच्यानंतर बहीण मालूच्या. टेपरेकॉर्डर पण मालूला. त्याचं झाकण लागत नाही, रबर लावावं.

कारखान्यातले फोरमन बाबुराव यांना माझे पान्हे. पेटीत खाली रबरी पाल ठेवलीय. हा भाग त्यांना वाचून दाखवू नये.

आता खरं काम. चुलीच्या वर टांगलेली मुडी, म्हणजे पेंढ्यात आवळून बांधलेलं आमचं लाल भाताचं बियाणं, ते मालूला. बांधालगतच्या खाऱ्या शेतासकट. हे भात खारं पाणी सोसतं, बाजारात मिळत नाही. गेल्या वर्षी दामाजीकाकाने, बाबांच्या धाकट्या भावाने, बाकीचं सगळं बी भिजवलेलं. मोड आले आणि पाऊस गायब. काकाने ते आपल्या नव्या घराच्या स्लॅबवर उन्हात सुकवायला पसरलं. स्लॅबचा त्याला भारी अभिमान. संध्याकाळी मोड जळक्या केसांसारखे झालेले. शेत पडीक राहिलं. उरली ही एकच मुडी, आणि तिचंही वय होत चाललंय. पुढच्या वर्षी उगवेल असं आई पण छातीठोक सांगत नाही.

काका म्हणतो, "धुरात मेलं ते कधीच. कोंबड्यांना टाक."

मेलं नाही काका, झोपलंय. आईने ते दाताखाली कट्ट वाजेपर्यंत वाळवलेलं. इतका सुकलेला दाणा कुणाकडे काही मागत नाही, म्हणून त्याला काही होत नाही. खालून चुलीची धग, वरून पत्र्याची, आणि हा मधे पडून कसलंतरी हिरवं स्वप्न बघतोय. मी करून पाहिलंय. कारखान्यात रंगाच्या भट्टीवर आम्ही डबे गरम करतो, तिथे दोन पुड्या ठेवलेल्या. एक कोरडी, एक भिजवलेली. भिजवलेलीचा वास सुटला तसे बाबुराव ओरडले, "पोप्या, कामावर भात शिजवतोस काय रे?" कोरडी घरी आणून ओल्या फडक्यात ठेवली. दाण्यांनी तोंडं उघडली.

पाणी प्यालेला, पण अजून तोंड न उघडलेला दाणा सावलीत सुकवला तर परत झोपतो. पांढरं टोक बाहेर आलं की मग झोप नाही. मग त्याला माती पाहिजे, लगेच.

आणि इथेच लोचा आहे. पावसाने शेतातलं मीठ धुतलं की बी भिजवायचं, आणि नेमके तेच दिवस ऑपरेशनचे. आई म्हणते, "पोरा, तू घरी ये, मंग भिजवू." अगं आई, मी येईपर्यंत शेत तुंबेल.

काल काका बोलला, "वाईट बोलू नये, पण तुझं काही झालं तर सुतक. सुतकात बियाण्याला हात लावत नाहीत."

"मोड थांबतील का तेवढे दिवस?"

"रीत ती रीत."

"गप रवा दोघं," आई म्हणाली.

शेजारच्या शालनमावशी बौद्धवाड्यातल्या. चहा पीत म्हणाल्या, "तुमचं सुतक मला कुठाय? मी फेकते बी. चालेल ना, दामाजी?"

काकाने उरलेला चहा बशीत ओतला.

म्हणून माझी इच्छा लिहितो. बी ठरल्या वेळी भिजवायचं. मला जाळून आलात त्याच दिवशी दाण्यांनी तोंड उघडलं, तर त्याच दिवशी पेरायचं. मालूने पेरावं. तिला कुणी अडवलं तर शालनमावशींनी. मला रडायला तुमच्याकडे आयुष्य पडलंय. मोडाकडे एक दुपार पण नसते. मला भूल देतील तेव्हा मी पण कोरडा दाणा होऊन पडेन, वर दिव्यांची धग असेल. जाग येईल किंवा नाही येणार. माझ्यासाठी बियाण्याला अडकवू नका.

दामाजीकाकाला काही नाही. वकिलाचा कारकून म्हणाला, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. म्हणून तर त्याला मानाने साक्षीदार केलाय.

मी स्वतः लिहिलं, दोघांसमोर सही केली.

डोंबिवली, जून १९९२
पोपट गोमाजी तरे

साक्षीदार:
शालन दगडू गायकवाड
दामाजी पंढरी तरे

(सहीखाली काकाच्या हातचं:) वाचलं. पोरीला दोष नको, शेजारणीला बोल नको. घरात मोठा मी आहे. सुतक असलं तरी मीच पेरीन.